शेजारी ठेवून वाचताना: तुलनेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर शनिवारी संध्याकाळी पुण्याच्या पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर आम्ही दहा-बारा जण जमतो आणि दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून वाचतो किंवा बघतो. कधी दोन महाकाव्यं, कधी एक लेणं आणि एक देऊळ, कधी नुसते दोन दिवे. नवीन माणूस आला की तेच ते प्रश्न येतात, आणि उत्तरं देता देता माझा चहा निवतो. म्हणून हे एकदाचं लिहून टाकलं.

तुलना करायची म्हणजे साम्यं आणि भेद लिहायचे ना?

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मीही तेच केलं होतं. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे ग्रीक कवी होमरचं इलियड, उजवीकडे महाभारत. दोन्हीकडे मोठं युद्ध, दोन्हीकडे बाईचा अपमान किंवा अपहरण, दोन्हीकडे देव मधे पडतात. सतरा साम्यं काढली. सरांनी खाली लाल शाईत एवढंच लिहिलं: "बरं. मग?"

त्या 'मग'चं उत्तर यादीत सापडत नाही. त्यासाठी एखादी छोटी जागा धरून बसावं लागतं. आम्ही नवीन माणसाला पहिल्या दिवशी देतो ती जागा अशी: मुलाला मारणाऱ्या माणसासमोर उभा राहिलेला म्हातारा बाप.

इलियडच्या चोविसाव्या, म्हणजे शेवटच्या सर्गात ट्रॉयचा राजा प्रायम रात्री शत्रूच्या छावणीत जातो. ग्रीक वीर अकिलीसने त्याच्या मुलाला, हेक्टरला, मारलंय, प्रेत रथाला बांधून फरफटवलंय. प्रायम अकिलीसचे गुडघे धरतो आणि मुलाला मारणाऱ्या त्याच हातांचं चुंबन घेतो. तुझ्या बापाची आठवण कर, म्हणतो. दोघेही रडतात, पण एकमेकांसाठी नाही. प्रायम हेक्टरसाठी रडतो. अकिलीस आपल्या बापासाठी आणि मेलेल्या मित्रासाठी. मग अकिलीस त्याला जेवायला बसवतो.

आता महाभारतातलं स्त्रीपर्व. युद्ध संपलंय, पांडव धृतराष्ट्राला भेटायला आलेत. शंभरच्या शंभर मुलगे भीमाच्या हातून गेलेत. म्हातारा भीमाला मिठी मारायला पुढे होतो. कृष्णाला अंदाज आहेच; तो भीमाला मागे ओढतो आणि लोखंडाचा पुतळा पुढे करतो. धृतराष्ट्र त्या पुतळ्याचा चुराडा करतो, रक्त ओकतो, आणि भीम मेला असं वाटून रडायला लागतो. पुढे गांधारी. डोळ्यांवरच्या पट्टीच्या फटीतून तिची नजर युधिष्ठिराच्या बोटांच्या टोकांवर पडते आणि त्याची देखणी नखं विद्रूप होतात. ते पाहून अर्जुन हळूच कृष्णाच्या पाठीमागे सरकतो. (हे अर्जुनाचं सरकणं मला अख्ख्या पर्वात सगळ्यात जास्त आवडतं. अठरा दिवस लढलेला माणूस, आणि काकूच्या नजरेला भितो.)

दोन्हीकडे बाप मारणाऱ्याला स्पर्श करतो. ग्रीक कवीकडे त्या स्पर्शाने राग मागे हटतो. हटतो म्हणजे जात नाही, कारण पुढच्याच क्षणी अकिलीस म्हाताऱ्याला बजावतो, मला डिवचू नकोस, नाहीतर तुझ्यावरही हात टाकीन. व्यासांकडे मिठी हेच हत्यार आहे. तिथे राग गिळायला कुणी सांगत नाही. तो कुठेतरी उतरू द्यावा लागतो, म्हणून लोखंड आणून ठेवलेलं. मग प्रश्न असा उभा राहतो: शोक करता यावा म्हणून आधी रागाचं काय करायचं? हा प्रश्न नुसतं इलियड वाचून मला कधी पडला नव्हता. नुसतं स्त्रीपर्व वाचूनही नाही.

पण शेवटी श्रेष्ठ कुठलं?

हा प्रश्न चपलांबरोबर जिन्याखाली काढून ठेवायचा. जाताना परत घालून जा, आमची हरकत नाही.

हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच ना? त्यांनी आपल्याकडून घेतलं असं म्हणता येईल का?

पुण्यात हा प्रश्न येणार नाही असं होत नाही. उलट बाजूचे लोकही येतात, ज्यांना सगळं ग्रीसहून आलं असं वाटतं. दोघांनाही आमचं एकच म्हणणं: वाट दाखवा. कुठल्या काळात, कुठल्या रस्त्याने, कुणाच्या हातून?

प्रलयाची गोष्ट घ्या. १८७२ साली जॉर्ज स्मिथने ब्रिटिश म्युझियममधल्या मातीच्या इष्टिकांवर मेसोपोटेमियाच्या, म्हणजे प्राचीन इराकच्या, गिल्गामेश महाकाव्यातला प्रलय वाचला, तेव्हापासून बायबलातला नोहा आणि आपला मनू यांच्या शेजारी त्यातला पुरातून वाचलेला उत्नपिश्तिमही येऊन बसला. होडी, पाणी, डोंगर तिन्हीकडे आहेत. पण शतपथ ब्राह्मणातला मनू सकाळी हात धुतोय, ओंजळीत एक चिमुकला मासा येतो आणि म्हणतो, मला वाढव, मी तुला तारीन. मनू त्याला आधी मडक्यात, मग खड्ड्यात, मग समुद्रात नेऊन वाढवतो. पुढे होडीचा दोर बांधायचा तो त्याच माशाच्या शिंगाला. मेसोपोटेमियात असलं काही नाही. तिथे देव ईआ भिंतीशी बोलण्याचं सोंग करून माणसाला सावध करतो, आणि पूर ओसरल्यावर भुकेले देव यज्ञाभोवती माशांसारखे घोंगावतात. 'कोणी कोणाचं चोरलं' यातच अडकलात तर हा मासा आणि त्या माशा, दोन्ही हातचे जातात.

जिथे वाट खरोखर दिसते तिथे मात्र ती बघायचीच. पॉम्पेईत १९३८ साली हस्तिदंताची एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ज्वालामुखीने ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं, म्हणजे मूर्ती त्याआधीच तिकडे पोचलेली. आणि तिच्या घडणीच्या मूर्ती कुठे मिळाल्या, तर आपल्याच तेर आणि भोकरदनला. उलट दिशेने, कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननात समुद्रदेव पोसायडनचा ब्राँझचा पुतळा निघाला. तेव्हा माल दोन्हीकडे जात होता यात शंका नाही.

आणि तरी कार्ल्याला जाऊन बघा. चैत्यगृहातल्या, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनागृहातल्या, बऱ्याच खांबांवर दात्यांची नावं ब्राह्मीत कोरलीत, त्यांत धेनुकाकट गावचे यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडचे परके; नावं मात्र बहुतेकांची इथल्याच वळणाची. खांबाचे पैसे यवनाने दिले. मग खांब ग्रीक आहे का? तळाशी घट, वर आठ पैलूंचा दांडा, त्यावर उलटं कमळ म्हणा की घंटा म्हणा, आणि सगळ्यात वर हत्तींवर बसलेली जोडपी. ग्रीक देवळाच्या खांबाशी त्याचं नातं एवढंच की दोन्ही उभे आहेत. परका दाता आला, पैसे दिले, आणि खांब इथल्या पाथरवटांच्या रिवाजाचाच मागितला. प्रभाव-प्रभाव करणाऱ्या सगळ्यांना मी आधी या खांबांपाशी उभं करते.

महाभारताशी तुलना म्हणता, पण कुठलं महाभारत?

फार बरं विचारलंत. बहुतेक भांडणं इथेच मिटतात, निदान पुढच्या शनिवारवर जातात.

लॉ कॉलेज रस्त्यावरचं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर १९१७ साली स्थापन झालं. तिथे १९१९ मध्ये महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं गेलं आणि १९६६ मध्ये पुरं झालं. देशभरातून आलेल्या १,२५९ हस्तलिखितांचा ताळा घातला. संपादक विष्णु सीताराम सुखटणकर १९४३ मध्ये गेले, काम दुसऱ्यांनी पुढे नेलं. पानाच्या वरच्या भागात संहिता, खाली बारीक टायपात पाठभेद. मला तर ते पान म्हणजेच तुलनेचं चित्र वाटतं: काश्मीरची पोथी काय म्हणते, मलबारची काय म्हणते, एकाखाली एक.

या आवृत्तीत गणपती लेखनिक म्हणून मुख्य संहितेत नाही, परिशिष्टात आहे. द्रौपदीने कृष्णाचा धावा केल्याचे श्लोक वरच्या संहितेत नाहीत, तळाच्या टिपांत आहेत; वस्त्रं मात्र वरही येतच राहतात. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे वाक्य तर द्रौपदी कुठेच म्हणत नाही. मयसभेत दुर्योधन पडतो त्या प्रसंगाच्या वर्णनात हसणाऱ्यांत भीम आहे, द्रौपदी नाही; तीही हसली असं नंतर दुर्योधन सांगतो.

हे ऐकून लोक खट्टू होतात. तेव्हा त्यांना इलियड उघडून दाखवावं. त्यात लाकडी घोडा नाही. अकिलीसची टाच नाही, त्याचा मृत्यूही नाही. हेक्टरच्या अंत्यसंस्कारावर काव्य संपतं. घोड्याची हकिकत होमरच्याच दुसऱ्या काव्यात, ओडिसीत येते आणि टाचेची गोष्ट होमरनंतर कित्येक शतकांनी. म्हणजे दोन्ही समाजांनी आपल्या महाकाव्यात जे नाही तेच सगळ्यात पक्कं लक्षात ठेवलं. आम्ही एका पावसाळ्यात फक्त एवढाच विषय घेतला होता, आणि तो आमचा सगळ्यात चांगला पावसाळा.

संस्कृत, ग्रीक यांतलं काहीच येत नाही. भाषांतरावर भागेल का?

भागतं. मला ग्रीक येत नाही. फक्त एका भाषांतरावर थांबू नका. दोन घ्या, आणि जिथे ती दोघं एकमेकांशी भांडतात तिथे बोट ठेवा. बहुधा मूळ शब्द तिथेच अडलेला असतो. इलियडचा पहिलाच शब्द 'मेनिस', रोष. साधा राग नव्हे. तो शब्द मुख्यतः देवांच्या कोपासाठी वापरतात, आणि इथे तो माणसाला लावलाय.

महाभारताची सुरुवात किती वेगळी आहे बघा. सूतपुत्र उग्रश्रवा नैमिषारण्यात येतो, ऋषी त्याला बसायला देतात आणि विचारतात, 'कुत आगम्यते', कुठून येणं झालं? जगातलं एक प्रचंड काव्य पाहुण्याला विचारायच्या प्रश्नाने सुरू होतं. एकीकडे कोप, दुसरीकडे विचारपूस. एवढ्यावर आमचे दोन शनिवार गेले.

ज्ञानेश्वरीची तुलना परदेशी ग्रंथाशी करणं बरं दिसतं का?

हा प्रश्न एका आजोबांनी विचारला होता, जरा रागानेच. आळंदीची वारी चुकवत नाहीत. मी त्यांना म्हटलं, माउलींना कमीपणा येणार असेल तर आपण थांबू. ते थांबले, गेले नाहीत.

इटालियन कवी दान्तेचा जन्म १२६५चा, ज्ञानेश्वरांचा परंपरेप्रमाणे १२७५चा. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ अशी नोंद आहे, म्हणजे इसवी सन १२९०. दान्तेचं महाकाव्य 'डिव्हाइन कॉमेडी' घडतं असं त्याने मानलंय ते १३०० साली. एकमेकांचं नाव कानावर जाण्याची शक्यता शून्य, आणि दोघांनीही विद्वानांची भाषा सोडून घरची भाषा धरली. गंमत म्हणजे लोकभाषा का थोर हे सांगणारा आपला प्रबंध दान्तेने लॅटिनमध्ये लिहिला. पंडितांना पटवायचं होतं. ज्ञानेश्वरांनी असा वेगळा प्रबंध वगैरे लिहिला नाही. गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या लिहिता लिहिताच माझा मराठी बोल अमृताशीही पैज जिंकेल असं म्हणून टाकलं आणि पुढे गेले.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. दोघांनाही आपल्या माणसांनी बाहेर काढलेलं. दान्तेला १३०२ मध्ये फ्लॉरेन्सने हद्दपार केलं, तो परत कधी गावात गेला नाही. ज्ञानदेवांच्या घराला आळंदीने वाळीत टाकल्याचं परंपरा सांगते. मग दोघांनी आपल्या ग्रंथात छळणाऱ्यांचं काय केलं?

दान्तेने नावानिशी नरकात घातलं. एकोणिसाव्या सर्गात पैसे खाणारे पोप खड्ड्यांत डोकं खाली करून पुरलेत, वर निघालेल्या तळव्यांवर ज्वाळा. त्यातला एक पोप दान्तेचा आवाज ऐकून विचारतो, बोनिफेस, तू इतक्यात आलास? बोनिफेस हा तेव्हाचा पोप, काव्यातल्या १३०० साली जिवंत होता. जिवंत शत्रूसाठी नरकात जागा राखून ठेवलेली! वाचताना हसू येतं, आणि मग जरा भीतीही.

ज्ञानेश्वरीत आळंदीच्या कुणाचं नाव नाही. शेवटी पसायदानात मागणं येतं ते 'जे खळांची व्यंकटी सांडो'. खळ जावोत असं नाही. त्यांचा वाकडेपणा जावो. शत्रू शिल्लक राहतो, त्याची वाकडी बाजू तेवढी गळते.

यावर आमच्यातली एक मुलगी फटकन म्हणाली, "पण दान्तेमुळे निदान कळतं तरी कोणी छळलं ते." खरं आहे. नाव न घेण्याने गुन्हेगारही सुटतो. आजोबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, तो पोपचा सर्ग परत वाचा बघू.

शिल्प आणि कविता यांची तुलना कशी होईल? एक दगड, एक शब्द.

होते, कारण दोघांच्या अडचणी वेगळ्या असतात. रोममध्ये १५०६ साली सापडलेलं लाओकोऊनचं शिल्प प्रसिद्ध आहे: साप विळखा घालतायत, बाप आणि दोन मुलं तडफडतायत. रोमन कवी व्हर्जिलच्या काव्यात हा लाओकोऊन, ट्रॉयचा पुजारी, जखमी बैलासारखा हंबरडा फोडतो. शिल्पात तोंड अर्धवटच उघडं. का? लेसिंग या जर्मन लेखकाने १७६६ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं. कवितेतली किंकाळी पुढच्या ओळीत संपते, दगडातलं वासलेलं तोंड कायमचं वासलेलंच राहतं.

हाच चष्मा घालून वेरूळच्या कैलास लेण्यातलं रावणाचं शिल्प बघा. कथेत क्रम आहे: रावण पर्वत उचलतो, पार्वती घाबरते, शिव अंगठा दाबतो, रावण अडकतो. शिल्पकाराने हे सगळं एकाच क्षणात बसवलंय. खाली रावण जोर लावतोय, वर पार्वती शिवाला बिलगलीय, दासी पळत सुटलीय, आणि शिव निवांत. पळणारी दासी कायम पळत राहिली तरी डोळ्याला खुपत नाही, हे त्याला बरोबर कळलं होतं. वेरूळ लांब पडत असेल तर त्याच आठव्या शतकातलं पाताळेश्वर जंगली महाराज रस्त्यावर आहे. तिथे असं कथाशिल्प नाही, पण गोल नंदीमंडपाच्या सावलीत बसून हा प्रश्न चघळायला जागा छान.

ज्या संस्कृतीने काही लिहूनच ठेवलं नाही, तिचं काय करायचं?

मग वस्तू वाचायच्या, आणि सावकाश वाचायच्या. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वस्ती. लहान मूल गेलं की दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरायचे. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडलेले. मेलेला माणूस उठून जाऊ नये म्हणून, असा अंदाज केला जातो.

याच वस्तीची सुरुवात होत होती त्या सुमाराला ग्रीसमधल्या मायसीनीत राजघराण्याच्या थडग्यांत मृतांच्या चेहऱ्यावर सोन्याचे मुखवटे ठेवत होते. जर्मन उत्खननकार श्लीमनला १८७६ मध्ये ते मिळाले. एकाला ट्रोजन युद्धातल्या ग्रीक सेनापतीचं, अ‍ॅगमेम्नॉनचं नाव चिकटलं, पण तो ट्रोजन युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून तीनेकशे वर्षं तरी जुना. आता 'सोनं विरुद्ध माती' अशी तुलना करू नका, ती फक्त श्रीमंतीची होते. मुखवटा मेलेल्याचा चेहरा टिकवतो. इनामगावचं मडकं मुलाला घरातच ठेवतं. कुणाला काय हरवू द्यायचं नव्हतं, ते विचारा.

मला याच विषयावर निबंध लिहायचाय. मांडणी कशी करू?

दोन रस्ते आहेत. आधी पहिली कृती पूर्ण, मग दुसरी; किंवा मुद्द्यागणिक दोन्ही. पहिल्या रस्त्यात वाचक दुसऱ्या कृतीपर्यंत पहिली विसरतो. दुसऱ्यात लेख टेनिसच्या सामन्यासारखा होतो, मान दुखते. मी स्वतः एकच प्रसंग आधी नीट सांगते आणि दुसरा त्याच्या अंगावर टाकते. 'त्याचप्रमाणे' आणि 'दोन्हींमध्ये' हे शब्द पहिल्या खर्ड्यात मोजा. एका पानावर चारहून जास्त निघाले तर तुम्ही यादी करताय.

परीक्षेचा पेपर असेल तर मात्र हे सगळं विसरा आणि मुद्द्यागणिक लिहा. तपासणाऱ्यांना घरी जायचं असतं.

पुण्यात सुरुवात कुठून करू?

शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा आणि फक्त दिवे बघा. सगळं बघायला गेलात तर काहीच दिसत नाही. टांगायचा, हातात धरायचा, देवापुढचा: प्रत्येक दिव्याला विचारा, तुझा उजेड कुणावर पडायचा? मग रोमन मातीच्या पणतीचं चित्र शोधून शेजारी ठेवा. तेल ओतायचं भोक, वातीचं नाक, आणि वरच्या चकतीवर बहुधा काहीतरी चित्र.

दुसऱ्या रविवारी लोणावळा लोकलने मळवलीला उतरा. एका बाजूला भाजे, दुसऱ्या बाजूला कार्ले; आधी भाजे करा, ते जुनं आणि साधं आहे. खांब आत कललेले दिसतील, लाकडी बांधणीची सवय दगडात उतरलेली. कार्ल्याला एकविरेची गर्दी असते, नारळ-हारांच्या रांगेतूनच वर जावं लागतं. कुरकुर करू नका. चैत्यापेक्षा देवीलाच जास्त माणसं येतात, हीसुद्धा दोन काळांची शेजार-शेजारची मांडणीच आहे.

गटात यायला काय लागतं?

काही नाही. येताना कुठल्याही दोन गोष्टी आणा: दोन कविता, दोन फोटो, आजीचा अडकित्ता आणि तुमचा नेलकटर, काहीही. सुपारी मात्र आणू नका, जाजम नवीन आहे.